एका सायकलचे यशस्वी उपचार

तुरुंगातून सुटलेली माणसे पुन्हा तुरुंगातच येतात, ही बाब आमच्या शहरात सर्वप्रथम तुरुंगाच्या स्वयंपाक्याच्या लक्षात आली. कोणाला कांदा चालत नाही आणि कोणाला दुसऱ्यांदा वाढल्याशिवाय पानावरून उठवत नाही, हे त्याला तोंडपाठ झाले होते. त्याने ते जेलरला सांगितले, जेलरने वर कळवले आणि वरच्यांनी समिती नेमली. समितीने असा निष्कर्ष काढला की, भुरट्या चोराला कोंडून ठेवले तर तो आणखी चार गोष्टी शिकून बाहेर पडतो. त्याऐवजी त्याच्यावर उपचार करावेत, म्हणजे तो पुन्हा चोरी करणार नाही. हा निष्कर्ष अगदी योग्य होता, हे मी आरंभीच नमूद करतो. पुढे जे घडले त्यात त्याचा काहीही दोष नाही. तो बिचारा अहवालातच राहिला आणि अंमलबजावणीला आम्ही आलो.

उपचार केंद्राला जागा मिळाली ती बंद पडलेल्या जलतरण तलावाची. पाणी काढून टाकले होते, पण भिंतीवरचे खोलीचे आकडे तसेच होते, त्यामुळे वर्गवारीची आयतीच सोय झाली. भुरटे उथळ बाजूला बसत, मुरलेले खोल बाजूला. समुपदेशन कपडे बदलायच्या खोल्यांत चाले. तिथली दारे गुडघ्याच्या वरून सुरू होत, त्यामुळे संपूर्ण गोपनीयता पाळूनही आत कोण रडते आहे हे चपलांवरून सगळ्यांना कळे.

माझे पद परिणाम-मापन अधिकारी. उपचार करणे हे माझे काम नव्हे. उपचार लागू पडला हे दाखवणे माझे काम. केंद्र चालू राहण्याची अट एकच होती: गुन्ह्याची पुनरावृत्ती होता कामा नये. झाली तर केंद्र गुंडाळून तलावात पुन्हा पाणी सोडायचे, असे ठरले होते. जलतरण मंडळाचे सदस्य अधूनमधून खांद्यावर टॉवेल टाकून येत आणि "काय म्हणतेय सुधारणा?" अशी चौकशी करून जात. त्यांच्या चेहऱ्यावरची आशा बघवत नसे.

आमचा पहिला रुग्ण म्हणजे पाना. केंद्रात चोराला चोर म्हणायचे नाही, रुग्ण म्हणायचे, आणि चोरीच्या मालाला लक्षण म्हणायचे, असा नियम होता. पान्याच्या खिशात कायम एक पाना असे, म्हणून त्याला सगळे पाना म्हणत. त्याचे खरे नाव त्याच्या आईला ठाऊक असावे. त्याने एका सायकलची सीट चोरली होती. ती सायकल माझ्या भाऊजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची होती, हा निव्वळ योगायोग.

भाऊजी गल्लोगल्ली फिरून सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देत. सायकल स्टँडवर चढवायची, सीटवर बसायचे आणि पॅडल मारायचे. मागच्या चाकावरून एक पट्टा हँडलपाशी बसवलेल्या दगडी चाकाला जायचा, ते गरगर फिरायचे आणि ठिणग्या उडायच्या. थोडक्यात, ती सायकल म्हणजे त्यांचे दुकान होते आणि त्या दुकानावर त्यांचे घर चालत होते. एके दिवशी ते शिंपीणबाईंची कात्री द्यायला वरच्या मजल्यावर गेले आणि खाली येऊन बघतात तो दुकानातली बैठक गायब. पाना पुढच्याच कोपऱ्यावर सापडला. त्याचे पोट तिकोनी दिसत असल्याचा हवालदाराला संशय आला होता.

न्यायाधीशांनी नव्या नियमानुसार विचारले, "तुरुंग की उपचार?"

"उपचारात जेवण असतं का, साहेब?"

"दुपारचं असतं."

"मग उपचार," पाना म्हणाला. अशा रीतीने त्याची संमती मिळाली.

आमच्या मुख्य उपचारक बाई अत्यंत विद्वान होत्या. समोर माणूस येऊन बसला की त्या त्याचे नाव विसरत आणि त्यांना आजाराचे नाव आठवे. पहिल्या भेटीला निरीक्षक म्हणून मी हजर होतो.

"सीटच का?" बाईंनी विचारले.

"तीच हाताला लागली, बाई. स्क्रू ढिला होता."

"आसनाची ओढ लहानपणापासून आहे का?"

"ओढ कसली? हात रिकामे राहिले की शिवशिवतात, एवढंच. मी सायकलच्या कारखान्यात होतो. कारखाना बंद पडला, पण हात काही बंद पडले नाहीत. काहीतरी खोलल्याशिवाय चैन पडत नाही. तुम्ही माझ्या हाताला काम द्या, मी आजपासून चोरी सोडतो."

"काम रोजगार खात्याकडे असतं. आमच्याकडे फक्त ओढ."

"पण मला खरंच चोरी सोडायची आहे हो."

"सर्वसाधारण चोरीवर आमच्याकडे उपचार नाही," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "नेमकं काहीतरी बोला."

पान्याने डोके खाजवले आणि म्हणाला, "मग सीट लिहा."

निदान झाले: आसन-आसक्ती, मध्यम तीव्रता. तलावाच्या उथळ बाजूला स्टूल, बाके, न्हाव्याची फिरती खुर्ची आणि बसमधली काढलेली दोन आसने मांडण्यात आली. पान्याने रोज एकेका आसनावर बसायचे, मग उठायचे, मागे वळून बघायचे आणि ठाम स्वरात म्हणायचे, "ही माझी नाही." महिनाभरात त्याची अवस्था अशी झाली की तो जेवायलाही उभा राहू लागला. टाळ्यांच्या कडकडाटात त्याला बरा झाल्याचे प्रमाणपत्र दिले. सीट मात्र केंद्राच्या संग्रहात जमा झाली, कारण लक्षण मूळ जागी परत बसवल्यास आजार उलटण्याचा धोका असतो. भाऊजींनी सीटच्या जागी पोत्याची घडी बांधली.

पाना सुटला आणि त्याच आठवड्यात भाऊजींच्या सायकलची घंटी गेली.

आमच्या संचालक साहेबांनी मला बोलावले तेव्हा ते खिडकीतून बाहेर बघत होते. फाटकाशी जलतरण मंडळाचे दोघे टॉवेल घेऊन उभे होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. "आटोपलं," साहेब म्हणाले. "पहिलाच रुग्ण आणि तोच उलटला. पाणी सोडणार आता आपल्यावर."

माझ्या सबंध नोकरीत मला सुचलेले सर्वांत मोठे वाक्य त्या वेळी सुचले. मी विचारले, "साहेब, त्याने सीट चोरली का?"

"नाही. घंटी."

"म्हणजे सीटची पुनरावृत्ती शून्य."

साहेब वळले. "पण घंटी..."

"घंटीच्या बाबतीत हा त्याचा पहिलाच गुन्हा आहे, साहेब. पहिल्या गुन्ह्याला पुनरावृत्ती कशी म्हणणार?"

"आणि पुढे त्याने पुन्हा सीट चोरली तर?"

"त्या सायकलला आता सीटच नाही."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि ते म्हणाले, "मग उपचार कायमस्वरूपी यशस्वी, असं लिहा."

त्यानंतर गाडी रुळाला लागली. घंटीसाठी नाद-आकर्षण असे निदान झाले आणि पान्याला कानात बोळे घालून घंट्यांच्या दुकानात उभे करण्यात आले. तो बरा झाला. मग डावे पॅडल गेले, त्यातूनही तो बरा झाला. मग उजवे गेले आणि केंद्रात थोडा पेच निर्माण झाला, कारण पॅडल दोन्ही सारखीच दिसत होती. तेव्हा खुद्द पान्यानेच मदत केली. डाव्या पॅडलच्या स्क्रूचा आटा उलटा असतो आणि उजव्याचा सुलटा, अशी माहिती त्याने दिली. त्यावरून बाईंनी सिद्ध केले की दोन्ही चोऱ्यांमागची मनोवृत्ती परस्परविरुद्ध असून त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पुनरावृत्ती शून्यच राहिली. माझ्या टेबलामागच्या तक्त्यावर बऱ्या झालेल्या आजारांची रेघ अशी काही वर चढली की मला वरून आणखी एक कागद चिकटवावा लागला. परगावची शिष्टमंडळे आमचे काम बघायला येऊ लागली. त्यांच्यासमोर पान्याला उभे करून आम्ही म्हणायचो, "हे गृहस्थ इतक्या वेळा बरे झालेले आहेत." पाना संकोचून नमस्कार करायचा. शिष्टमंडळ परत जाताना एखाद्याच्या बॅगेचे बक्कल नाहीसे झालेले असायचे, पण बक्कल ही अगदीच वेगळी बाब.

एक दिवस ताई थेट केंद्रात आली. तलावाच्या पायऱ्या उतरून ती उथळ बाजूने चालत माझ्या टेबलाशी आली आणि पर्स आपटून म्हणाली, "तू माझा भाऊ आहेस की त्या चोराचा?"

"ताई, इथे चोर म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू? जावई म्हणू? तसंच तर जेवायला घालताय त्याला. आणि इकडे तुझे भाऊजी एका हातानं चाक फिरवतात आणि दुसऱ्या हातानं कात्री धरतात. परवा शिंपीणबाईंच्या कात्रीला अशी काही धार लागली, की त्या म्हणाल्या, कापड कापलं जात नाही, नुसतं दुमडतं. दोन गिऱ्हाइकं तुटली. पोटावर पाय आलाय आमच्या, कळतंय का तुला?"

मी तिला तक्ता दाखवला. "हे बघ. पुनरावृत्ती शून्य."

"हे शून्य आमच्या घरात आलंय, ते तू इथे कशाला टांगलंस?"

ताईला आकडेवारी कळत नाही, पण माझी ती सख्खी बहीण आहे. मी तिला आतला सल्ला दिला. "हे बघ, तक्रार आल्याशिवाय आम्हाला काहीच करता येत नाही. भाऊजींना म्हणावं, जे जे जाईल त्याची दर वेळी नीट तक्रार देत जा. अजिबात कंटाळा करू नका."

भाऊजी सरळमार्गी माणूस. मेहुणा सरकारी नोकर आहे, तो सांगतो ते आपल्या भल्याचेच असणार, असे समजून त्यांनी पट्टा गेल्यावर तक्रार दिली, चेन गेल्यावर दिली, मागचे मडगार्ड गेल्यावरही दिली. मीच सुचवल्याप्रमाणे शेवटी न चुकता लिहिले: तरी कृपया दखल घ्यावी.

उपचाराच्या पद्धतीत समेटाची बैठक नावाचा एक टप्पा असतो. त्यात रुग्ण आणि नुकसान झालेला माणूस समोरासमोर बसून मन मोकळे करतात. विश्वासाचे प्रतीक म्हणून भाऊजींनी सायकलही सोबत आणावी, असे बाईंनी सांगितले होते. भाऊजी उरलेली सायकल खांद्यावर घेऊन आले, कारण पुढचे चाक गेल्यापासून ती ढकलण्याजोगी राहिली नव्हती. दोघे उथळ बाजूच्या कठड्यावर बसले.

"आता आपापल्या भावना व्यक्त करा," बाई म्हणाल्या.

मग भाऊजींनी विचारले, "चेन काढताना कडी तोडलीस का रे?"

"नाही, भाऊ. पिन ठोकून काढली. अगदी अलगद."

"बरं केलंस. ती चेन चांगली होती."

"चांगली होती, पण तेल कमी पडत होतं. तुमचं मागचं चाकही किंचित डगमगतं, भाऊ. तारा ओढून घ्यायला हव्यात."

भाऊजींनी त्याच्याकडे नीट बघितले. "हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "असं कर, माझ्याकडेच ये. सगळं पुन्हा जोडून काढू. तू चाक फिरव, मी धार लावतो. दोघं असलो तर दुप्पट गल्ल्या होतील. तुझंही भागेल, माझंही भागेल."

पाना कठड्यावरून उठला. त्याने बाईंना विचारले, "जाऊ का, बाई? मी खरंच जातो. यांच्याकडे काम मिळालं तर मी कुणाच्या वस्तूला हात लावणार नाही."

बाईंनी माझ्याकडे बघितले. मी नियमावलीकडे बघितले. बैठकीबाहेर रुग्णाने नुकसानग्रस्ताशी संबंध ठेवण्यास मनाई होती. ती नसती तरी अडचण होतीच, कारण माणूस कामाला लागून बरा झाला तर ते यश कोणाच्या नावावर टाकायचे? ‘उपचार अर्धवट सोडला’ एवढाच पर्याय उरत होता आणि तो अपयशात मोडतो. फाटकापाशी टॉवेलवाले उभेच होते. "परवानगी देता येत नाही," मी म्हणालो. भाऊजींनी मान हलवली आणि पान्याच्या पाठीवर थोपटले. मला त्या क्षणी मनापासून वाईट वाटले, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. ते वाईट वाटणे दुपारच्या चहापर्यंत टिकले.

बैठक आटोपल्यावर असे दिसून आले की सायकलचे हँडल जागेवर नाही. पाना खजील होऊन म्हणाला, "तुम्ही नाही म्हणालात आणि हात रिकामेच राहिले. मी तरी काय करू?" भाऊजींनी केंद्रातूनच तक्रार देऊन टाकली.

वर्षअखेरीला वरून तपासनीस आले. अंगाने काटकुळे, बोलायला मवाळ, आणि सोबत स्वतःची पेन्सिल. त्यांनी दिवसभर सगळे तपासले आणि संध्याकाळी साहेबांना म्हणाले, "रुग्णांची पुनरावृत्ती शून्य. फारच छान. पण इथे एक माणूस सारखासारखा दिसतो."

"पाना का?" साहेबांनी धास्तावून विचारले.

"छे. पाना दर वेळी नवीन काहीतरी करतो. मी या दुसऱ्या माणसाबद्दल बोलतोय." त्यांनी पेन्सिल भाऊजींच्या नावावर टेकवली. "सीटच्या वेळी हाच. घंटीच्या वेळी हाच. पॅडलला हाच, चेनला हाच. दर वेळी तेच कृत्य: तक्रार. तोच पत्ता, तीच सायकल, शेवटचं वाक्यसुद्धा तेच. केंद्राच्या आवारात असतानाही याला आवरलं नाही. ही पुनरावृत्ती नाही तर काय?"

"अहो, पण तो गुन्हेगार नाही," साहेब म्हणाले.

"गुन्हा नोंदला कशामुळे जातो?"

"तक्रारीमुळे."

"आणि तक्रारच आली नाही तर?"

उत्तर मला येत होते, आणि शाळेपासून मला ती वाईट खोड आहे, येत असलेले उत्तर पोटात राहत नाही. "तर गुन्हाच नाही," मी म्हणालो.

"हुशार आहात," तपासनीस म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली.

भाऊजींना समन्स गेले. न्यायाधीशांनी विचारले, "तुरुंग की उपचार?"

"साहेब, माझी सायकल मिळाली तर बरं होईल," भाऊजी म्हणाले.

"पर्यायांत सायकल नाही."

भाऊजींनी माझ्याकडे बघितले. मी घरचा माणूस या नात्याने उपचाराच्या बाजूने मान डोलावली. त्यांनी तेच सांगितले. इतक्या वेळा तक्रार केलेली असल्यामुळे त्यांना थेट खोल बाजूला दाखल करण्यात आले.

बाईंनी निदान केले: तक्रार-व्यसन, जुनाट. त्यावरचा उपचार त्यांनी स्वतः शोधून काढला. रुग्णाजवळची एकेक वस्तू काढून घ्यायची आणि तो काय म्हणतो ते बघायचे. त्याने हसतमुखाने "चालायचंच" म्हटले की ती पायरी पूर्ण. आता वस्तू काढून घेण्यासाठी अनुभवी माणूस हवा होता. जाहिरात निघाली, एकच अर्ज आला, आणि पान्याची वस्तू-वियोग साहाय्यक या पदावर नेमणूक झाली. त्याला निळा गणवेश मिळाला आणि पाना अडकवायला कमरेला पट्टा मिळाला. दिवसभर त्याच्या हाताला काम असे. त्या दिवसापासून त्याने केंद्राबाहेर एका खिळ्यालाही हात लावला नाही. हात भरलेले असले तर आपण चोरी करणार नाही, हे त्याने पहिल्याच भेटीत सांगितले होते, पण ते कोणाच्या लक्षात नव्हते आणि बाईंनी हे यश नाद-आकर्षणावरच्या उपचाराला दिले.

सुरुवातीला भाऊजींचे काही खरे नव्हते. चष्मा काढला की ते म्हणायचे, "अहो, माझा चष्मा!" चप्पल नेली की, "माझी चप्पल कुठाय?" बाई खेदाने मान हलवत. हळूहळू फरक पडला. चष्मा गेला तर ते म्हणू लागले, "इथे चष्मा होता वाटतं." अर्धा प्यालेला चहा उचलला तर हात तसाच हवेत धरून ते नुसते बघत राहत. पाना प्रत्येक वेळी कानाशी वाकून पुटपुटायचा, "माफ करा, भाऊ, नोकरी आहे." एके दिवशी, खालची सतरंजी ओढून घेतली जात असताना, भाऊजी स्वतःहून अलगद बाजूला सरकले आणि म्हणाले, "चालायचंच." खोल बाजूला टाळ्यांचा असा आवाज घुमला की कपडे बदलायच्या खोल्यांतली माणसे रडायची थांबली.

शेवटची परीक्षा उरली होती. सायकलवर आता काहीच शिल्लक नव्हते, सांगाड्याला बसवलेल्या त्या धारेच्या दगडी चाकाशिवाय. ते चाक भाऊजींच्या वडिलांचे. ते गेले की धंदा कायमचा बंद, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. त्या दिवशी नातेवाईक म्हणून ताईलाही बोलावले होते. ती कठड्याशी उभी होती.

बाईंनी खूण केली. पान्याने पाना हातात घेतला आणि तो तसाच उभा राहिला. "बाई, हे चाक नको," तो म्हणाला. "यावर त्यांचं घर चालतं."

"हात शिवशिवत नाहीत का?"

"नाही, बाई. कापतायत."

"मग तुमचे आधीचे सगळे उपचार लागू पडले नाहीत, असं लिहावं लागेल. नोकरी तर जाईलच, पुढचं न्यायाधीश बघतील."

पान्याने नटाला पाना लावला, पण तो काही फिरेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि पाना सारखा निसटत होता. तेव्हा भाऊजी जागचे उठले, त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी त्याच्या हातावर हात ठेवला. "उलटा फिरव, बाबा," ते म्हणाले. "हा आटा उलटा आहे." दोघांनी मिळून नट सोडवला. चाक निघाले. भाऊजींनी ते स्वतः उचलून पान्याच्या हातात दिले आणि म्हणाले, "चालायचंच." मी कान देऊन ऐकले, आवाजात तक्रारीचा अंशही नव्हता. मी त्यांना पूर्ण बरे म्हणून नोंदवले. ताई टाळ्या वाजवत नव्हती, पण ती रुग्ण नसल्याने त्याची नोंद घेतली नाही.

या यशानंतर योजना संपूर्ण शहराला लागू झाली. नियम सुटसुटीत आहे: पहिली तक्रार माफ, दुसरीला उपचार. रस्त्यावरचे दिवे बंद आहेत म्हणून कळवणारे आले, नळाला पाणी नाही म्हणणारे आले, रांगेत पुढे घुसणाऱ्याला हटकणारे आले. वर्षभरात शहरातले गुन्हे शून्यावर आले आणि हवालदार दुपारी झोपू लागले. जलतरण मंडळाचे सदस्यही दुसऱ्यांदा विचारणा करायला आल्यामुळे आपोआप पात्र ठरले. ते आता रोज सकाळी कोरड्या तलावात पालथे पडून हातपाय मारतात. पाणी नाही म्हणून त्यांच्यापैकी कोणीही कुरकुर करत नाही.

मागच्या आठवड्यात ताई पुन्हा आली. ती बरीच वाळलेली दिसली. माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "एक सांगायचं होतं तुला. घरात..."

"ताई," मी तिला थांबवले. सख्ख्या भावाचे काळीज, राहवले नाही. "आधी नीट विचार कर. मागे तू इथे येऊन पर्स आपटली होतीस, ती एक धरलेली आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. पर्स तिने छातीशी धरली, "काही नाही, सहज आले होते," असे म्हणाली आणि कठड्याला धरत पायऱ्या चढून गेली. त्या घरात आता चूल कशावर पेटते ते मला माहीत नाही, कारण मला तिथून कोणी काही कळवत नाही.

आता आपल्याबद्दल, वाचक महोदय. एका कष्टाळू माणसाची सीट गेली, घंटी गेली, पॅडले गेली, चेन आणि हँडल गेले, आणि शेवटी त्याच्याच हातांनी त्याचे चाकही काढून घेतले. हे सगळे आपण आरामात बसून बघितले. आपण कुठेही उठला नाहीत, उलट दोनतीन ठिकाणी हसलात. चाक निघाले तेव्हा आपण एक सुस्कारा सोडलात आणि पुढच्या परिच्छेदावर गेलात. आमच्या केंद्रात एकदाही दाखल न होता आपण इतके ठणठणीत बरे कसे, याचे बाईंना मोठे नवल वाटते. त्यांचा अंदाज आहे की आपल्यावर घरच्या घरीच, अगदी लहानपणापासून, उपचार झालेले असावेत.

तरीही कुठे काही खटकले असेल, तर जरूर या. केंद्र सुटीच्या दिवशीही उघडे असते. आणि पहिल्या खेपेला आम्ही कोणालाच काही म्हणत नाही.